पार्श्वभूमी : भारतातील क्लस्टर धोरणाची वाटचाल

एकाच धंद्यातले कारखाने शेजारी-शेजारी वाढले की कसबी कामगार, सुटे भाग आणि त्या धंद्यातल्या खाचाखोचा सर्वांनाच सहज मिळू लागतात, हे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 मध्येच मांडले होते. सरकारांनी ते धोरण म्हणून हाती घेतले ते शंभर वर्षांनी, व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल पोर्टर यांनी 1990 मध्ये राष्ट्रांच्या स्पर्धाक्षमतेच्या चर्चेत अशा समूहांना, म्हणजेच क्लस्टरना, महत्त्वाचे स्थान दिल्यानंतर.

भारतात हा विचार लघुउद्योगांच्या दाराने आला आणि त्याचे वळण त्यामुळेच वेगळे राहिले. काही वस्तूंचे उत्पादन फक्त लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्याची पद्धत बंद करावी, अशी शिफारस आबिद हुसेन समितीने 1997 मध्ये केली. आरक्षणाऐवजी समूहांना एकत्रित पाठबळ देण्याचा मार्ग त्यातून पुढे आला. 1998 ची केंद्राची योजना प्रामुख्याने तंत्रज्ञान सुधारण्याची होती. तिचाच विस्तार होत पुढे सूक्ष्म व लघुउद्योग समूह विकास कार्यक्रम उभा राहिला आणि ‘सामायिक सुविधा केंद्र’, म्हणजे समूहातल्या कारखान्यांनी मिळून वापरायची सोय, हा शब्द औद्योगिक वसाहतींत रुळला.

अशा केंद्राचा उपयोग कोल्हापुरात नीट कळतो. ऊस आणि गुऱ्हाळांच्या गरजेतून तिथे ऑइल इंजिने व पंपांचा धंदा वाढला, त्यामागोमाग फाउंड्र्या, म्हणजे धातूचे ओतकाम करणारे कारखाने, आल्या. ओतकामाच्या साच्यांची वापरलेली वाळू टाकायची कुठे आणि नवी किती आणायची, हा प्रत्येकाचाच प्रश्न होता, पण ती पुन्हा वापरण्याजोगी करणारा प्रकल्प एकट्या लहान फाउंड्रीला झेपणारा नव्हता. केंद्राच्या 2003 च्या औद्योगिक पायाभूत सुविधा योजनेतून फाउंड्री क्लस्टरने तो उभारला. चिंचवडचे ऑटो क्लस्टरही त्याच योजनेतले.

हे सारे उत्पादनाला हातभार लावणारे होते. संशोधन त्यात फारसे नव्हते. ते पुण्यात होते, पण कोणत्याही क्लस्टर धोरणाविना: राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 1950 ची, वाहन उद्योगाची संशोधन संस्था ‘एआरएआय’ 1966 ची. या संस्था, विद्यापीठे आणि उद्योग यांची सांगड घालण्यासाठी केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने 2020 च्या सुमारास निवडक शहरांत विज्ञान-तंत्रज्ञान क्लस्टर सुरू केली. ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातील पुणे नॉलेज क्लस्टर त्यांपैकीच एक असून कोविडकाळात विषाणूच्या जनुकीय देखरेखीसाठी प्रयोगशाळा एकत्र आणण्याचे काम त्याने केले. मात्र पुण्याजवळच्या भोसरीतल्या लहान वर्कशॉपला या रचनेचा उपयोग सामायिक सुविधा केंद्राइतका थेट होताना अजून दिसत नाही.