मीठ तंगूस कुजवत नाही, तरी ती धुवायची कशाला?

गळ टाकून परतलं की रॉड पुसला जातो, रीळ पुसलं जातं, दोरी मात्र तशीच ओली राहते. फार तर नळाखाली एकदा धरतात, कारण ‘मिठाने दोरी खराब होते’ हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते खरं आहे, पण वेगळ्याच कारणाने. समुद्राचं मीठ नायलॉनचे रेणू तोडत नाही. त्रास सुरू होतो तो पाणी वाळल्यावर. मिठाचे टोकदार स्फटिक आणि बारीक वाळू दोरीला चिकटून बसते, आणि पुढच्या वेळी दोरी रॉडच्या कड्यांतून सरसर धावू लागली की हेच कण तिला पॉलिशपेपरसारखे घासत राहतात.

दोरी कशाची आहे, यावर तिची निगा ठरते. तंगूस म्हणजे नायलॉनचा एकसंध तंतू. ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांनी १९३५ साली नायलॉन तयार केलं. त्याच्या रेणूंच्या लांबलचक साखळीत ठरावीक अंतरावर अमाइड नावाचे अणूंचे गट असतात आणि पाण्याचे रेणू त्यांना सहज बिलगतात. पूर्ण भिजलेलं नायलॉन आपल्या वजनाच्या ८ ते ९ टक्के पाणी पिऊन बसतं. शेजारशेजारच्या साखळ्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध त्यामुळे सैलावतात. दोरी मऊ होते, जास्त ताणली जाते, तिची ताकदही थोडी घटते. वाळली की ताकद बरीचशी परत येते. म्हणून ओली तंगूस डब्यात कोंडू नका. सावलीत, वाऱ्यावर सुकू द्या.

नायलॉनच्या या पाणी पिण्याचा फायदाही करून घेता येतो. रिळावर बरेच दिवस पडून राहिलेली तंगूस सोडताना वेटोळी धरते. कोरडं नायलॉन साधारण ५० अंश सेल्सिअसच्या खाली कडक असतं, त्याच्या साखळ्या हलत नाहीत आणि वळण तसंच राहतं. आत पाणी शिरलं की ही मर्यादा खोलीच्या तापमानाच्याही खाली उतरते आणि साखळ्या सरकू लागतात. निघण्याआधी दोरीचा स्पूल, म्हणजे ती गुंडाळलेली रिळाची चकती, थोडा वेळ कोमट पाण्यात बुडवून ठेवावा, मग दोरी सोडून हलकेच ताणावी. वेटोळी बऱ्यापैकी जातात. पाणी कोमटच हवं, कढत नको.

ब्रेड म्हणजे वेणीसारखी विणलेली दोरी. ती अतिशय लांब साखळ्यांच्या पॉलिइथिलीनची असते, पाण्याहून हलकी, आणि तिचे तंतू पाणी अजिबात पीत नाहीत. पण विणीच्या फटींत पाणी अडकतं आणि त्याबरोबर मीठ आणि रेतीही आत जाते. वरून स्वच्छ दिसणारी ब्रेड आतून घासली जात असते. तिला नुसतं शिंपडणं पुरत नाही. दोरी रिळावरून सैल सोडून गोड्या पाण्यात भिजवावी, चिकटपणा असेल तर सौम्य साबणाचे दोन थेंब घालावेत आणि ओल्या मऊ फडक्यातून ओढत परत गुंडाळावी. फ्लुरोकार्बन ही तिसऱ्या प्रकारची दोरी या मानाने सोशिक. पाणी पीत नाही, उन्हालाही दाद देत नाही, पण ओरखडा पडला तर तिथेच तुटते.

नायलॉनला उन्हाचं मात्र भय आहे. अतिनील किरण ऑक्सिजनच्या साथीने त्याच्या साखळ्या मधूनच तोडतात, आणि ही हानी धुऊन भरून येत नाही. रीळ गाडीच्या काचेमागे ठेवणं ही सर्वात वाईट सवय, कारण तिथे ऊन आणि उष्णता दोन्ही एकदम मिळतात. ब्लीच आणि बॅटरीचं आम्ल यांच्याजवळही तंगूस ठेवू नये. दोन्ही नायलॉन खातात.

रीळ धुताना पाण्याचा जोरदार फवारा मारू नका, तो खारं पाणी बेअरिंगपर्यंत ढकलतो. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी किती सहज सुटावी हे ठरवणारा रिळाचा ब्रेक, आवळून रीळ हलक्या धारेखाली धरा, आणि सुकल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा. मग कापसाचा बोळा रॉडच्या प्रत्येक कडीतून फिरवा. जिथे कापसाचा तंतू अडकेल तिथे तडा किंवा गंज आहे. अशी एक कडी नवी दोरीही वाया घालवते, कितीही धुतलीत तरी.

माझ्या मते सगळ्यात मोलाची तपासणी बोटांची आहे. गळाकडची शेवटची दोन-तीन मीटर दोरी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून हळूहळू ओढा. खडकाला, शिंपल्याला, माशाच्या दाताला लागते ती हीच. नखाला खरबरीत लागली, एखाद्या जागी चपटी किंवा दुधी दिसली, तर तेवढी कापून नवी गाठ मारा. गाठ आवळण्याआधी ती ओली करायला विसरू नका, कारण कोरड्या घर्षणाच्या उष्णतेने दोरी तिथेच कमजोर होते. ब्रेड पुढच्या टोकाला विरली असेल, तर पूर्ण दोरी उलटी गुंडाळता येते. स्पूलच्या तळाशी दबलेला भाग बहुधा कोराच असतो.

कापलेले तुकडे पाण्यात किंवा काठावर टाकू नका. नायलॉन तिथे वर्षानुवर्षं टिकतं, आणि पक्ष्यांच्या पायांना, कासवांच्या मानेला त्याचे फास बसतात. खिशात घालून घरी आणा आणि बोटाएवढे बारीक कापूनच कचऱ्यात टाका.