नाना आणि डेझर्टी: वाळवंटी वटवट्याची दोन नावं

हिवाळ्यात कच्छच्या रणाकाठी एखाद्या खुरट्या झुडपाच्या बुडाशी वाळूच्या रंगाचा एक इवलासा पक्षी टुणटुणताना दिसतो. शेपटी किंचित उचललेली, डोळा पिवळा, आणि बऱ्याचदा जवळपास एखादा रणगोजा, म्हणजे उघड्या माळावर वावरणारा दुसरा एक छोटा पक्षी. रणगोजा पुढे सरकला की हा त्याच्या मागोमाग. हा वाळवंटी वटवट्या. जुन्या पुस्तकांत याचं शास्त्रीय नाव 'सिल्व्हिया नाना', आणि मुलूख थेट मोरोक्कोपासून मंगोलियापर्यंत. आजच्या याद्यांत तो 'कुर्रुका नाना' आहे आणि मोरोक्को त्याच्या नकाशातून गेलाय. तिकडचा पक्षी आता 'कुर्रुका डेझर्टी'.

इथे दोन बदल झालेत आणि लोक ते हमखास एकात एक मिसळतात. एका जातीच्या दोन जाती झाल्या, हा एक बदल. वंशाचं नाव पालटलं, हा दुसरा. दोन्हींची कारणं वेगळी आहेत. (वर्तमानपत्रं जातीला सर्रास 'प्रजाती' म्हणतात. मी जाती आणि वंश हेच शब्द वापरतो, नाहीतर गोंधळात आणखी भर. शास्त्रीय नावातला पहिला शब्द वंशाचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा, आणि दुसरा त्यातल्या जातीचा.)

आधी जातींचं बघू. आशियातला नाना कॅस्पियनच्या आसपासपासून मंगोलियापर्यंतच्या कोरड्या मुलखात वीण करतो आणि थंडीत अरबस्तान, तांबड्या समुद्राचा किनारा, पाकिस्तान आणि आपल्याकडे कच्छ-राजस्थानात उतरतो. डेझर्टी सहारातला, ॲटलस पर्वतापलीकडचा. तो फारसा लांब जातच नाही. रंगात फरक असा की नानाची पाठ करडट तपकिरी, तर डेझर्टीची फिकट, पिवळसर वाळूसारखी. खरी खूण मात्र शेपटीत आहे. नानाच्या शेपटीची मधली पिसं नीट पाहिलीत तर त्यांच्या दांड्यालगत गडद रेघ ओढलेली दिसते. डेझर्टीची तीच पिसं जवळजवळ कोरी, तांबूस. आवाजही वेगळा. विसाव्या शतकात बराच काळ डेझर्टीला नानाची उपजाती मानलं जायचं. रंगरूप आणि आवाज एकत्र तपासल्यावर ते मोडीत निघालं.

आता नावं. 'नाना' वाचून आपल्याला धोतर-टोपीतले कुणी नाना आठवतात, पण लॅटिनमध्ये 'नाना' म्हणजे बुटकी. हे विशेषण आहे, म्हणून ते वंशाच्या नावाचं लिंग पाळतं. सिल्व्हिया स्त्रीलिंगी, कुर्रुकाही स्त्रीलिंगी, म्हणून नाना टिकलं. वंश पुल्लिंगी असता तर 'नानस' करावं लागलं असतं. 'डेझर्टी'चं तसं नाही. ती षष्ठी आहे, 'वाळवंटाचा'. वंश कोणताही येवो, तिला काडीचा फरक पडत नाही.

वंशबदलाची हकिगत मला जास्त गमतीची वाटते. हेम्प्रिख आणि एरेनबर्ग हे दोघे जर्मन निसर्गअभ्यासक 1820 ते 1825 या काळात इजिप्त, सिनाई आणि तांबड्या समुद्राच्या परिसरात फिरले. हेम्प्रिख 1825 मध्ये तांबड्या समुद्राकाठच्या मसावा बंदरात वारला. एरेनबर्ग परतला, आणि 1833 मध्ये सिनाईतल्या तूर इथल्या या पक्ष्याचं वर्णन दोघांच्या नावावर छापलं गेलं. त्यांनी तेव्हा दिलेलं नाव होतं कुर्रुका नाना! म्हणजे आजचं 'नवं' नाव मुळातच जुनं. पुढे या पक्ष्यांची रवानगी सिल्व्हियात झाली. सिल्व्हिया हा शब्द अरण्यावरून आलेला. जिथे धड झाड दिसत नाही तिथल्या पक्ष्याला हे नाव मला कधीच पटलं नव्हतं, पण नाव पटण्यावर शास्त्र चालत नाही. जनुकीय अभ्यासात दिसलं की सिल्व्हियाची दोन घराणी फार पूर्वीच वेगळी झालीत. ज्या जातीवर सिल्व्हिया हा वंश आधारलाय, ती युरोपातली काळ्या टोपीची, आणि तिच्या घराण्याकडे ते नाव राहिलं. बाकीच्यांसाठी 1802 चं कुर्रुका पुन्हा बाहेर काढलं. आपल्या बाभळीवर थंडीत येणारा शुभ्रकंठीही याच घराण्यातला. बागेतला राखी वटवट्या मात्र नाही. मराठी 'वटवट्या' हा शब्द अनेक कुळांवर पांघरूण घालतो.

हा सगळा इतिहास एका कंसात वाचता येतो. प्राणिशास्त्रीय नामकरणाचा नियम असा की जाती आज मूळ वर्णनातल्या वंशातच असेल तर वर्णनकर्त्याचं नाव आणि साल उघडं लिहायचं. वंश बदलला असेल तर कंसात. नाना सिल्व्हियात होती तोवर तिच्यापुढे (हेम्प्रिख आणि एरेनबर्ग, 1833) असा कंस होता. माहेरी परतली आणि कंस गळाला. डेझर्टीचं वर्णन व्हिक्टर लोश या फ्रेंच अधिकाऱ्याने अल्जीरियातून 1858 मध्ये केलं, पण वेगळ्याच वंशाच्या नावाखाली. म्हणून तिच्यापुढे कंस अजून आहे: कुर्रुका डेझर्टी (लोश, 1858). दोन्ही एकाच वंशात, तरी एकीला कंस आणि एकीला नाही. नवख्याला ही छपाईची चूक वाटते. मलाही वाटली होती.

आपल्याकडे डेझर्टी येत नाही. त्यामुळे कच्छच्या जुन्या वहीत 'सिल्व्हिया नाना' लिहिलं असेल तर पहिला शब्द खोडून कुर्रुका करा, काम झालं. मोरोक्कोच्या सहारातल्या सहलीची वही असेल तर मात्र दोन्ही शब्द खोडावे लागतील.