इंजिन माउंटची जागा : जुन्या इनबोर्ड बोटीत नवे इंजिन बसवताना

इनबोर्ड बोटीत, म्हणजे इंजिन आतच असलेल्या बोटीत, ते तळाशी, लांबीच्या दिशेने घातलेल्या दोन भक्कम तुळयांवर बसते. या तुळया म्हणजे इंजिन बेड. बेड आणि इंजिन यांच्यामधल्या पायांना माउंट म्हणतात. हल्ली ते बहुतेक रबरी असतात आणि सहसा चार असतात : दोन इंजिनाच्या पुढच्या बाजूला, दोन मागे गिअरबॉक्सजवळ. माउंट वजन पेलतात आणि हादरे जिरवतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. पाण्याखालच्या पंख्याचा (प्रोपेलरचा) रेटाही त्यांच्यातूनच जातो, हे मात्र पुष्कळदा विसरले जाते. पंखा पाणी मागे लोटतो, त्याचा उलटा दाब शाफ्टमधून (पंखा फिरवणाऱ्या दांड्यातून) गिअरबॉक्सच्या थ्रस्ट बेअरिंगवर (रेटा पेलणाऱ्या बेअरिंगवर) येतो, तिथून इंजिनाच्या पायांत आणि पायांतून बेडमध्ये. सगळी बोट पुढे ढकलली जाते ती या चार रबरांवर जोर देऊन. म्हणून बोटीसाठी बनवलेले बहुतेक माउंट खाली-वर मऊ, पण पुढे-मागे ताठ असतात. ते आडवे फिरवून बसवले तर हा गुण वाया जातो.

जुने इंजिन काढून नवे बसवण्याला रिपॉवरिंग म्हणतात. नव्या इंजिनाचे पाय जुन्याच्या जागी क्वचितच येतात. पायांमधली रुंदी बदलते, उंची बदलते, पुढच्या आणि मागच्या पायांमधले अंतरही बदलते. अमेरिकी व्ही-८ इंजिनांच्या बोटींत दोन बाजूंच्या पायांमधले अंतर बहुधा २२.५ इंच असे. त्याच घराण्यातले इंजिन परत घेतले तर काम सोपे जाते, एरवी नाही. युनिव्हर्सल कंपनीच्या ॲटॉमिक ४ या पेट्रोल इंजिनाची अडचण आणखी वेगळी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असंख्य शिडाच्या बोटींत बसलेले हे इंजिन रबराशिवाय थेट बेडवर बोल्टने आवळलेले असे. त्याच्या जागी रबरी पायांचे डिझेल आणायचे, तर पायांखाली आधी नसलेली उंची कुठून तरी काढावी लागते. मग एकतर बेड तासून खाली घ्यायचा, नाहीतर इंजिन आणि माउंट जोडणाऱ्या ब्रॅकेटचा आकार बदलायचा.

इथे पहिला मोह होतो तो बेडवरच्या जुन्या भोकांचा. भोके तयार आहेत, त्यांतच पाय बसवू, उरलेले शिम (पातळ पट्ट्या) घालून जमवू, असा तो विचार. पण ती भोके जुन्या इंजिनाचे पाय कुठे होते एवढेच सांगतात, तेही कधीकाळी कोणी घाईत मारली नसतील तर. मोजायची सुरुवात शाफ्टच्या रेषेपासून होते. पंखा, शाफ्टला आधार देणारा मागचा ब्रॅकेट, कटलेस बेअरिंग (शाफ्ट ज्यात फिरतो ते पाण्यातले रबरी बेअरिंग) आणि स्टर्न ट्यूब (शाफ्ट ज्यातून बोटीबाहेर जातो ती नळी) या गोष्टी बोटीत पक्क्या आहेत, त्या हलत नाहीत. त्यांच्यातून जाणारी सरळ रेष पुढे वाढवली की गिअरबॉक्सच्या कपलिंगचा (शाफ्टशी जोडणाऱ्या चकतीचा) मध्य तिच्यावरच यायला हवा. इंजिन शाफ्टला जुळवायचे असते. शाफ्टला इंजिनाकडे ओढायचे नसते.

ही रेष डोळ्यांना दिसावी म्हणून शाफ्ट बाहेर काढतात आणि स्टर्न ट्यूबच्या बरोबर मधून एक बारीक पोलादी तार इंजिनखोलीच्या पुढच्या आडभिंतीपर्यंत ताणतात. ट्यूबच्या दोन्ही तोंडांशी तार सगळीकडून सारख्या अंतरावर आहे ना, ते कॅलिपरने पाहतात. तार ढिली असेल तर मध्ये झोल पडतो आणि तोच झोल इंजिनात उतरतो, म्हणून ती सतारीच्या तारेसारखी टणत्कार देईल इतकी ताणलेली हवी. लेझर वापरला तर झोलाचा प्रश्न नाही, पण त्याला मध्यात धरून ठेवण्याची कसरत तीच. कटलेस बेअरिंग झिजलेले असेल तर ते आधी बदलावे. झिजलेल्या बेअरिंगमध्ये शाफ्ट खाली टेकतो. त्याला बघून इंजिन जुळवले तर नवे बेअरिंग घातल्या दिवशी सगळे मोजमाप खोटे ठरते.

पुढे लागते ते इंजिनाचे मापचित्र. त्यातून तीन मापे घ्यायची : कपलिंगच्या मध्यापासून प्रत्येक पाय किती खाली किंवा वर, किती बाजूला आणि किती पुढे. या मापांवरून प्लायवूडचा किंवा लोखंडी अँगलचा एक सांगाडा करतात. त्याच्या मागच्या फळीला कपलिंगच्या मध्याशी भोक असते, पुढच्या फळीला त्याच अक्षावर दुसरे. तार या दोन्ही भोकांतून ओवायची आणि सांगाडा बेडवर हलवत राहायचे, तार दोन्हींच्या बरोबर मधून जाईपर्यंत. तसे झाले की पाय जिथे आले ती माउंटची जागा. काहीशे किलोचे इंजिन साखळी कप्पीवर लटकवून दहादा वरखाली करण्यापेक्षा दोन किलोचा सांगाडा बरा. याच वेळी बाकीचेही बघून घ्यावे : तेलाचा सम्प (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) बिल्जला (बोटीच्या आतल्या तळाला) टेकत नाही ना, पाण्याच्या पंपाचे झाकण उघडता येते का, एक्झॉस्टमध्ये पाणी सोडण्याची जागा पाण्याच्या रेषेच्या पुरेशी वर राहते का, आणि रबरावर इंजिन डोलले तर चारी बाजूंना मोकळी जागा आहे का.

कोनात सगळ्यात जास्त चुका होतात. समजा शाफ्टचा उतार १० अंश आहे आणि बेड ८ अंशांवर उतरतो. दोन अंश म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण पुढच्या आणि मागच्या पायांत ६०० मिमी अंतर असेल तर या दोन अंशांनी २१ मिमी फरक पडतो. बहुतेक माउंटच्या स्टडवर (वर येणाऱ्या आटेदार दांड्यावर) इतकी उचल मिळतच नाही, आणि मिळाली तरी इंजिन स्टडच्या टोकावर उभे राहते. तिथे रेट्याला लांब तरफ मिळते आणि स्टड वाकतो किंवा तुटतो. माउंट बसवताना त्याचा नट वर-खाली फिरण्याच्या मर्यादेच्या मध्यावर हवा, म्हणजे पुढे दोन्हीकडे सरकायला वाव राहतो. उरलेली उंची माउंटखाली पूर्ण पायाएवढी धातूची पट्टी घालून भरावी. वॉशरची चळत लावून नाही, आणि लाकडाची ढलपी तर मुळीच नाही. शाफ्ट फारच तिरका असेल तर खाली वळणारा गिअरबॉक्स घेतात; ८ अंश वळण देणारा घेतला तर वरच्या उदाहरणात इंजिन जवळजवळ आडवे, दोनच अंशांवर बसते. त्याचा तेलालाही फायदा, कारण इंजिन किती तिरके चालेल याची मर्यादा उत्पादकाने घालून दिलेली असते आणि बोट वेगात नाळ (पुढचे टोक) उचलते तेव्हा तो तिरकेपणा आणखी वाढतो.

फायबरच्या बोटींत बेड बाहेरून भक्कम दिसतो आणि आतले लाकूड मात्र जुन्या लॅग बोल्टच्या (लाकडात थेट पिळून बसवायच्या जाड स्क्रूच्या) भोकांतून गेलेल्या पाण्याने कुजलेले असते. एका भोकात स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहावा. ओलसर काळा भुसा निघाला तर आधी बेडचे काम, मग इंजिनाचे. जुनी भोके इपॉक्सीने बुजवतात. लाकडात पुन्हा लॅग बोल्ट मारण्यापेक्षा जाड धातूची पट्टी बेडवर बसवून तिच्यात आटे पाडणे किंवा बेडच्या आरपार बोल्ट घेणे केव्हाही चांगले.

चार पाय असले की एक पाय अधांतरी राहण्याची शक्यता नेहमीच असते, डुगडुगणाऱ्या टेबलासारखी. म्हणून इंजिन माउंटवर टेकल्यावर डाव्या-उजव्या जोडीची दबलेली उंची मोजून ती सारखी करतात. पुढची आणि मागची जोडी मात्र सारखी असेलच असे नाही. वजनाचा मध्य गिअरबॉक्सकडे झुकत असेल तर मागे जास्त कडक रबर लागते. इंजिनाचे एकूण वजन चाराने भागून चारही माउंट एकाच कडकपणाचे मागवणे ही सरसकट होणारी चूक आहे. शिवाय नवे रबर भाराखाली काही काळ बसत जाते. इंजिन ठेवून किमान एक-दोन दिवस जाऊ द्यावेत, मगच बारीक जुळणीला हात घालावा.

ही जुळणी फिलर गेजने (फट मोजण्याच्या ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) करतात. शाफ्टचे आणि गिअरबॉक्सचे कपलिंग जवळ आणतात. शाफ्टचा पुढे लोंबकळणारा भाग स्वतःच्या वजनाने खाली झुकतो, त्यामुळे त्याला उचलून आधार द्यावा लागतो. कपलिंगचा उंचवटा समोरच्या खोबणीत जोर न लावता सरकला, तर दोन्हींचे मध्य एका रेषेत आहेत. मग वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे फट मोजायची. प्रचलित नियम असा की कपलिंगच्या व्यासाच्या दर इंचाला एक हजारांश इंचापेक्षा जास्त फरक नको. म्हणजे १०० मिमी कपलिंगला ०.१ मिमी. वर ०.३५ आणि खाली ०.१५ मिमी आले, तर फरक ०.२० मिमी, परवानगीच्या दुप्पट. फट वर जास्त आहे म्हणजे इंजिनाचे नाक खाली आहे. १०० मिमीला ०.२० हा उतार ६०० मिमीला १.२ मिमी होतो, तेव्हा पुढचे दोन्ही पाय १.२ मिमी उचलायचे. स्टडच्या आट्यांचे अंतर २ मिमी असेल तर नटाचा अर्ध्याहून थोडा जास्त फेरा. त्याने कपलिंगही किंचित खाली जाते, म्हणून मागचे पाय पुन्हा तपासावे लागतात. एकाने दुसरे बिघडते, दुसऱ्याने पहिले. तीन-चार फेऱ्या झाल्याशिवाय हे जमत नाही.

फट कमी होत नसेल तर इंजिन हलवत बसण्याआधी शाफ्ट अर्धा फेरा फिरवून पाहावा. मोठी फट त्याच जागी राहिली तर चूक इंजिनाच्या बसण्यात आहे. ती शाफ्टबरोबर फिरली तर शाफ्ट वाकलेला आहे किंवा कपलिंगचा चेहराच वाकडा आहे, आणि मग माउंट कितीही फिरवले तरी उपयोग नाही. लवचीक कपलिंग बसवले म्हणून ही मेहनत टळत नाही. ते हादरे सोसते, चुकलेली रेष सरळ करत नाही.

किनाऱ्यावर ठोकळ्यांवर उभी असलेली बोट आणि पाण्यात तरंगणारी बोट यांचा आकार एक नसतो. लाकडी बोटीत हा फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो, फायबरच्या बोटीत फिलर गेजने. शिडाच्या बोटीत डोलकाठीच्या तारा ताणल्या की आणखी थोडा. म्हणून किनाऱ्यावरची जुळणी कच्ची धरतात. बोट पाण्यात उतरवून, टाक्या भरून, एक-दोन दिवसांनी कपलिंग पुन्हा उघडून चारही फटी परत मोजतात आणि मगच वरचे-खालचे नट आवळून घट्ट करतात. पहिल्या काही तासांच्या वापरानंतर रबर आणखी थोडे बसलेले आढळते. तेव्हा सगळे एकदा तपासून नट आणि स्टड यांच्यावरून रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवतात. पुढे कधी रेघ तुटलेली दिसली, तर कोणता नट फिरला ते झाकण उघडताच कळते.