धुराड्यातून निसटणारी ऊब

काजूच्या हंगामात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या भाटीपाशी, म्हणजे काजूची दारू गाळायच्या भट्टीपाशी, थोडा वेळ उभं राहून बघा. भाणातली, म्हणजे चुलीवरच्या भांड्यातली, वाफ नळीतून लावणीत, म्हणजे दारू जमा होणाऱ्या मडक्यात, उतरते, लावणीवर गार पाणी ओतलं जातं आणि आत दारू साठते. वरून ओघळणारं पाणी मात्र कोमट झालेलं असतं. वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, हे तिथे हाताला कळतं.

कंडेन्सिंग बॉयलर, म्हणजे गॅस जाळून पाणी तापवताना धुरातल्या वाफेचंही पाणी करणारा बॉयलर, धुराच्या बाबतीत हेच करतो. युरोपात तो कचेऱ्या नि शाळा उबदार ठेवतो. ब्रिटनमध्ये तर २००५ पासून नव्या घरगुती गॅस बॉयलरसाठी तो जवळजवळ सक्तीचाच झाला. गोव्यात खोल्या कोण तापवणार? पण कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांना आंघोळीला आणि लाँड्रीला गरम पाणी बारा महिने लागतं.

१ किलो मिथेन (नैसर्गिक वायूचा मुख्य घटक) जळला की सुमारे सव्वादोन किलो पाणी तयार होतं, तेही वाफेच्या रूपात. साध्या बॉयलरमधून ही वाफ तापलेल्या धुराबरोबर वर निघून जाते आणि गॅसमधल्या एकूण उष्णतेचा जवळजवळ दहावा भाग घेऊन जाते. कंडेन्सिंग बॉयलर हा धूर आत येणाऱ्या गार पाण्याच्या नळ्यांवरून फिरवतो. वाफेचं तिथेच पाणी होतं आणि नळ्यांतलं पाणी फुकटात तापतं. (जाहिरातीतली ‘१०७ टक्के कार्यक्षमता’ ही जादू नव्हे. हिशेबात ती वाफेतली उष्णता आधी धरलेलीच नसते.)

मेख आहे ती पाण्याच्या तापमानात. नैसर्गिक वायूच्या धुरातल्या वाफेचं साधारण ५५ अंशांखाली पाणी होऊ लागतं. आपल्या टाकीतलं पाणी पंचवीस-तीस अंशांचं, म्हणजे काम सोपं. पण बऱ्याच ठिकाणी गरम पाणी मजल्यामजल्यावर फिरवून परत बॉयलरात आणतात. ते साठ अंशांनी परतलं, तर महागडा बॉयलर साध्यासारखाच वागतो. म्हणून गार पाणी आधी बॉयलरला मिळेल अशी जोडणी हवी. आपल्या उबदार हवेत हीट पंपचाही (हवेतली उष्णता खेचून पाणी तापवणारं विजेवरचं यंत्र) हिशेब करून बघावा, हे माझं मत.

धुरातल्या वाफेचं झालेलं पाणी आम्लधर्मी असतं, साधं लोखंड ते खातं. त्यामुळे आतले भाग स्टेनलेस स्टीलचे किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि खाली निचऱ्याची नळी असते. बॉयलर जोरात चालू असताना तिच्याकडे बघावं. ती कोरडी असेल, तर तुमची वाफ अजूनही धुराड्यातूनच जातेय.