द्विमार्गी रेडिओ आणि फिरता रिपीटर

ज्या बिनतारी संचातून बोलताही येते आणि ऐकताही येते, त्याला द्विमार्गी रेडिओ म्हणतात. हातात मावणारा असेल तर वॉकी-टॉकी. बहुतेक संचांत या दोन्ही गोष्टी आळीपाळीने होतात: बटण दाबले की संच बोलतो, सोडले की ऐकतो. मधे फोन कंपनीचा मनोरा किंवा इंटरनेट लागत नाही, आणि एकाने बोललेले त्या चॅनेलवरच्या सगळ्यांना एकदम ऐकू जाते. म्हणूनच बचाव पथके, अग्निशमन दले, गिर्यारोहक आणि मोठ्या शर्यतींचे आयोजक खिशात मोबाइल असूनही हा संच सोडत नाहीत. दोन संचांच्या मधे डोंगर, इमारती किंवा नुसते अंतर आडवे आले की उंचावर तिसरे यंत्र ठेवतात. ते एका वारंवारतेवर ऐकते आणि ऐकलेले त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर पुन्हा सोडते. हाच रिपीटर. पेटीत घालून पाठीवर किंवा गाडीतून नेता येतो आणि काम संपले की उचलून आणता येतो, तो फिरता रिपीटर.

‘वॉकी-टॉकी’ हे नाव दुसऱ्या महायुद्धात रूढ झाले ते पाठीवर वाहायच्या एससीआर-३०० या एफएम संचामुळे. त्याचे वजन सुमारे १५ किलो होते. हातात धरायच्या लहान एससीआर-५३६ ला तेव्हा ‘हँडी-टॉकी’ म्हणत. पुढे संच लहान होत गेले आणि पहिलेच नाव सगळ्यांना चिकटले.

पल्ला कशावर ठरतो

संच घेताना पहिला प्रश्न येतो तो किती वॉटचा, आणि नेमका तोच दुय्यम आहे. या संचांच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे पल्ला ठरतो तो अँटेनाच्या उंचीवर. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढून ४.१२ ने गुणले की तिचे रेडिओ-क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. जमिनीपासून दीड मीटरवर धरलेल्या संचाचे क्षितिज ५ किलोमीटर. म्हणजे सपाट, मोकळ्या मैदानावर दोन माणसांना जास्तीत जास्त १० किलोमीटरची आशा. दाट वस्तीत हा आकडा एक-दोन किलोमीटरवर येतो. तेच एक अँटेना आसपासच्या प्रदेशाहून १०० मीटर उंच टेकडीवर गेली तर तिचे क्षितिज ४१ किलोमीटर होते. खोक्यावर छापलेले तीस-पस्तीस किलोमीटरचे आकडे अशा शिखरावरून साधलेले असतात, गल्लीतून नव्हे.

शक्ती १ वॉटवरून ५ वॉटवर नेली तर मोकळ्या जागी पल्ला फार तर सव्वादोन पट वाढतो. डोंगराच्या आड गेलेल्या माणसाला त्याचा उपयोग जवळपास शून्य, आणि बॅटरी मात्र लवकर बसते. खर्च करायचाच असेल तर तो चांगल्या अँटेनावर आणि उंचीवर करावा.

संच निवडताना

प्रचलित पट्टे दोन: व्हीएचएफ (१३६ ते १७४ मेगाहर्ट्झ) आणि यूएचएफ (साधारण ४०० ते ४७० मेगाहर्ट्झ). पहिल्यात तरंगलांबी सुमारे दोन मीटर असते. मोकळा प्रदेश, पाणी, झाडोरा यांत तो सरस ठरतो. यूएचएफची तरंगलांबी ६४ ते ७५ सेंटिमीटर. या लहरी दारे, खिडक्या, जिने यांतून वाट काढतात, म्हणून इमारतींत हाच पट्टा बरा. अँटेनाच्या आकाराचाही विचार करावा. पाव तरंगलांबीची अँटेना व्हीएचएफला अर्धा मीटर लागते. हातातल्या संचावर ती गुंडाळून आखूड केलेली असते आणि त्यात बरीच शक्ती वाया जाते. यूएचएफला तेच काम सोळा ते एकोणीस सेंटिमीटरमध्ये होते.

अ‍ॅनालॉग की डिजिटल, हा वाद कामाच्या स्वरूपावर सोडवावा. डीएमआर या डिजिटल पद्धतीत १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलची वेळ ३० मिलिसेकंदांच्या दोन खाचांत वाटलेली असते. एका रिपीटरवरून दोन स्वतंत्र संभाषणे चालतात, आणि हातातला संच निम्माच वेळ प्रक्षेपण करत असल्याने बॅटरी जास्त टिकते. पण डिजिटल आवाज हद्दीपर्यंत स्वच्छ असतो आणि तिथे अचानक तुटतो. अ‍ॅनालॉग एफएम हळूहळू खरखरत विरतो; त्या खरखरीतूनही सरावलेला कान नाव आणि ठिकाण पकडतो. वेगवेगळ्या ठिकाणांहून आपापले संच घेऊन स्वयंसेवक येणार असतील तर साधा एफएमच घ्यावा.

सब-ऑडिओ टोनबद्दल एक गैरसमज घातक आहे. ६७ ते २५४.१ हर्ट्झ यांमधला ठरावीक बारीक सूर बोलण्याच्या खाली सोडला जातो, आणि तो सूर आला तरच समोरचा संच स्पीकर उघडतो. विक्रेते याला ‘प्रायव्हसी कोड’ म्हणतात. त्यात गुप्तता काहीही नाही. ज्याने टोन बंद ठेवला आहे त्याला तुमचे सगळे ऐकू येते. तुम्हाला फक्त इतरांचे ऐकू येत नाही.

पावसात काम असेल तर आयपी६७ दर्जा पाहावा. एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची ती कसोटी आहे. ज्वालाग्राही वायूच्या ठिकाणी त्यासाठी प्रमाणित केलेलाच संच न्यावा. आणि सगळ्यांचे संच एकाच जातीचे असावेत, म्हणजे बॅटऱ्या आणि चार्जर एकमेकांना चालतात.

परवान्याचे नियम देशागणिक बदलतात आणि खरेदीआधी पाहावे लागतात. युरोपातल्या पीएमआर४४६ सेवेला परवाना लागत नाही, पण मर्यादा अर्ध्या वॉटची, अँटेना कायमची जोडलेली आणि रिपीटरला मनाई. अमेरिकेतल्या जीएमआरएस सेवेत परवाना घेऊन रिपीटर चालवता येतो. हौशी रेडिओसाठी परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो.

रिपीटरचे मर्म

रिपीटर उभारणे अवघड का, हे एका आकड्यातून कळते. त्याचा ग्राही भाग ०.२ मायक्रोव्होल्टचा क्षीण संदेश ऐकू शकतो, आणि त्याच पेटीतला प्रक्षेपक त्याच क्षणी १० वॉट ओतत असतो. या दोन शक्तींचे गुणोत्तर एकावर सोळा शून्ये इतके आहे. दोघांची वारंवारता वेगळी असली तरी प्रक्षेपकाचा गोंगाट ग्राहीला बहिरे करतो. हे टाळण्यासाठी डुप्लेक्सर वापरतात: काटेकोर जुळवलेल्या पोकळ्यांची गाळणी, जी एकाच अँटेनावर दोन्ही वारंवारता वेगळ्या ठेवते. वारंवारतांमधले अंतर जितके कमी, तितकी ही गाळणी मोठी. हौशी व्हीएचएफ रिपीटरमध्ये ते अंतर बहुधा ६०० किलोहर्ट्झच असते, म्हणून त्याचे डुप्लेक्सर उंच नळकांड्यांचे, जड असतात. यूएचएफमध्ये ५ मेगाहर्ट्झ किंवा जास्त अंतर मिळते आणि डुप्लेक्सर हातावर पेलण्याएवढा होतो. फिरते रिपीटर बहुधा यूएचएफचेच दिसतात ते यामुळे.

डुप्लेक्सरशिवायही वाटा आहेत. दोन अँटेना एकाच खांबावर एकीखाली एक लावल्या तर शेजारी-शेजारी लावण्यापेक्षा कितीतरी चांगला विलगपणा मिळतो. काही गाडीतले संच यूएचएफवर ऐकून व्हीएचएफवर सोडतात. याला क्रॉसबँड म्हणतात, आणि घाईच्या वेळी ती मोठी सोय आहे. बोललेले ध्वनिमुद्रित करून त्याच चॅनेलवर पुन्हा ऐकवणारा ‘पोपट’ रिपीटर सर्वांत स्वस्त, पण प्रत्येक वाक्याला दुप्पट वेळ खातो. गर्दीच्या कामात तो नको.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे रिपीटरची शक्ती वाढवत नेणे. ५० वॉटचा रिपीटर दूरवर ऐकू जातो, पण तिथल्या ५ वॉटच्या संचाचे उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तोंड मोठे, कान लहान. अडकलेल्या माणसाला पथकाचे बोलणे ऐकू येते आणि त्याची हाक मात्र कुणालाच नाही, याहून वाईट स्थिती कोणती? रिपीटरचे खरे काम ऐकणे आहे. जागा, अँटेना, केबल सगळे त्याच नजरेने निवडावे.

उभारणी

सर्वांत उंच शिखर नेहमी उत्तम नसते. जिथून कामाचा प्रदेश दिसतो, जिथे शेजारी दुसरे प्रक्षेपक नाहीत आणि रात्री बॅटरी बदलायला माणूस पोहोचू शकतो, ती जागा चांगली. खांब वीजतारांपासून दूर असावा; वादळ जवळ आले की त्याला हात लावू नये. जास्त गेनची, म्हणजे शक्ती अधिक एकवटणारी अँटेना ती क्षितिजाकडे चपटी पसरवते, त्यामुळे उंच कड्यावरून पायथ्याची दरीच हुकते. तिथे साधी, कमी गेनची अँटेना अधिक उपयोगी.

केबलकडे दुर्लक्ष होते आणि तिथेच मेहनत वाया जाते. बारीक आरजी-५८ केबलच्या १० मीटरमध्ये ४५० मेगाहर्ट्झला निम्म्याहून जास्त शक्ती नष्ट होते. जाड एलएमआर-४०० मध्ये साधारण पाचवा हिस्सा. हा तोटा ऐकतानाही होतो. जोडणी झाल्यावर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते याचे माप, मोजावा. २ असेल तर ११ टक्के शक्ती परत येते, १.५ च्या आत असावा.

विजेचा हिशेब आधीच करावा. समजा रिपीटर प्रक्षेपणात ३ अँपिअर आणि ऐकताना ०.३ अँपिअर घेतो, आणि पाव वेळ बोलणे चालते. सरासरी सुमारे १ अँपिअर; २० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर वीस तास. थंडी आणि जुनेपणा धरून यातून तिसरा हिस्सा वजा करावा. गाडीतल्या संचांपासून रिपीटर बनवला असेल तर शक्ती निम्म्यावर आणावी, कारण ते संच सतत बोलण्यासाठी बनलेले नसतात आणि तापून बंद पडतात.

संचांत रिपीटरची प्रक्षेपण-वारंवारता ऐकण्यासाठी आणि त्याची ग्रहण-वारंवारता बोलण्यासाठी भरायची, टोनसह. चॅनेलचे क्रमांक आणि नावे सर्वांकडे एकच हवीत. रिपीटरला तीन मिनिटांची वेळमर्यादा लावावी, नाहीतर कुणाच्या पिशवीत दबलेले बटण सगळ्यांचा मार्ग अडवते.

मग तपासणी. लांबच्या संचावरून जेमतेम ऐकू येईल असा संदेश सोडायचा आणि रिपीटरचा प्रक्षेपक आधी बंद, मग चालू ठेवून ऐकायचे. चालू केल्यावर संदेश गडप झाला तर कान बधिर होत आहेत. डुप्लेक्सर, जोडण्या पुन्हा पाहाव्यात. त्यानंतर एकाने सर्वांत दुबळा संच, कमी शक्तीवर, कमरेला लावून प्रदेशाच्या कडेने चालावे आणि नकाशावर मुक्या जागा टिपाव्यात.

बोलणाऱ्यांना दोन सवयी लावाव्या लागतात. अँटेना उभी धरणे, आणि बटण दाबल्यावर एक सेकंद थांबून बोलणे; रिपीटर जागा होईपर्यंत पहिला शब्द गिळला जातो, आणि तो बहुधा हाक मारलेल्याचे नाव असतो. रिपीटर गप्प झाला तर सर्वांनी कोणत्या थेट चॅनेलवर यायचे आणि किती वाजता, हे निघण्यापूर्वी प्रत्येक संचाच्या पाठीवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेले असावे.