आगमनकाळ (स्वीडन)

नाताळाआधीच्या चार रविवारांचा ख्रिस्ती काळ. स्वीडिशमध्ये याला ‘आडवेंट’ म्हणतात. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. त्या दिवशी चर्चमध्ये गर्दी असते, पण या काळाचा खरा मुक्काम घरातच. तो समजून घ्यायचा तर आधी तिथला अंधार ध्यानात घ्यायला हवा. डिसेंबरच्या उत्तरार्धात स्टॉकहोममध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेतीनला मावळतो. उत्तरेकडच्या किरुनात तर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून वर्षअखेरीपर्यंत तो क्षितिजावर येतच नाही. मुले अंधारात शाळेला निघतात, अंधारातच घरी येतात. गाड्यांना दिसावीत म्हणून त्यांच्या जाकिटांना चमकणारे बिल्ले लटकवलेले असतात. अशा वेळी बर्फ पडला की लोकांना बरे वाटते, कारण दिव्यांचा उजेड त्यावरून परततो आणि रस्ता उजळतो. दक्षिणेकडच्या स्कोने प्रांतात मात्र पुष्कळदा नुसता पाऊस आणि चिखलच असतो.

पहिल्या रविवारी खिडक्यांत दिवे लागतात. त्रिकोणी चढणीची विजेची दीपमाळ १९३०च्या दशकात योटेबोरी (गोथेनबर्ग) शहरात तयार झाली. आज ती नसलेली खिडकी शोधावी लागते. तिच्या जोडीला कागदी तारा. गोव्यात आणि मुंबईत नाताळचा तारा घराबाहेर टांगतात. स्वीडनमध्ये तो काचेच्या आत असतो, पण तोंड रस्त्याकडेच. घरातल्या माणसांइतकाच तो रस्त्याने जाणाऱ्यासाठी लावलेला असतो. टेबलावर शेवाळात खोचलेल्या चार मेणबत्त्या असतात. दर रविवारी एक नवी पेटवायची, आधीच्याही पुन्हा लावायच्या. त्यामुळे चौथ्या रविवारी पहिली बोटभर उरलेली असते आणि चारी मिळून पायऱ्या दिसतात. लहान मुलांना ‘नाताळ किती लांब आहे’ याचे उत्तर त्या पायऱ्यांतच मिळते. दुसरे उत्तर युलकालेंडरचे, म्हणजे नाताळच्या दिनदर्शिकेचे: १ ते २४ डिसेंबर रोज एक कागदी झडप उघडायची. याच नावाची मुलांची मालिका १९५७पासून रेडिओवर आणि १९६०पासून दूरचित्रवाणीवर रोज एका भागाने चालते.

बर्फकंदील ही या दिवसांतली सर्वांत सुंदर घरगुती गोष्ट म्हणायला हवी. मुले बर्फाचे गोळे वळून अंगणात गोल मांडतात. त्यावर थोडे लहान वर्तुळ, त्यावर आणखी लहान, असा मनोरा चढतो. आत मेणबत्ती ठेवून ती पेटवतात आणि शेवटचा गोळा माथ्यावर बसवतात. गोळ्यांच्या फटींतून पिवळा उजेड झिरपतो. पण त्यासाठी बर्फ ओलसर लागतो, शून्याच्या आसपासचा. त्याला ‘क्रामस्नो’ म्हणतात. उणे पंधरातला भुकटीसारखा बर्फ मुठीत कितीही दाबला तरी सुटतो. म्हणून ‘आज बर्फ वळतोय का’ हे पाहायला मुले हातमोजे घालून आधी बाहेर धावतात.

स्वयंपाकघरात केशर येते. ते अर्ध्या ग्रॅमच्या पुड्यांत मिळते आणि साखरेच्या खड्याबरोबर खलतात. दूध, लोणी आणि यीस्टच्या पिठात ते घातले की पीठ पिवळेधमक होते. त्याचे दोन टोकांनी उलटसुलट गुंडाळलेले पाव म्हणजे लुस्सेकात्तर; प्रत्येक वळीत एक मनुका दाबतात. आले, दालचिनी, लवंग घातलेली पातळ बिस्किटे म्हणजे पेप्परकाकूर. बिस्किट तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने मधोमध दाबायचे. तीन तुकडे झाले तर मनातली इच्छा पुरी होते. घरोघरी हा खेळ चालतो आणि डबे लवकर रिकामे होतात.

१३ डिसेंबरला लुसिया. सिसिलीतल्या सिराक्यूझची ही संत. जुन्या ज्युलियन पंचांगात तिची रात्र वर्षातली सर्वांत मोठी रात्र मानली जाई. पहाटे घरातले मूल पांढरा झगा, कमरेला लाल पट्टा आणि डोक्यावर दिव्यांचा मुकुट घालून आईबाबांच्या खोलीत कॉफी आणि केशरी पाव घेऊन जाते. बालवाडीतही त्या सकाळी मिरवणूक निघते. पालक अंधारात जाडजूड कोटांत उभे असतात, मुले शब्द चुकवत नेपल्सच्या चालीवरचे गाणे गातात. आज मुकुटात बहुधा बॅटरीचे दिवे असतात. मुलांच्या केसांजवळ जळत्या मेणबत्त्या नकोत, हे शहाणपणाचेच झाले.

२३ डिसेंबरच्या रात्री घर उशिरापर्यंत जागे असते. भेटींना कागद चढतात, त्यांवर आत काय आहे ते आडवळणाने सांगणाऱ्या दोन-चार यमकी ओळी लिहितात. डुकराच्या मांडीचा उकडलेला तुकडा मोहरी आणि पावाचा चुरा लावून भट्टीत जातो. तो तांबूस होऊन बाहेर आला की पावावर पहिला काप ठेवून सगळे उभ्याउभ्याच खातात, आणि झोपायला पाठवलेली मुलेही वास येताच परत खाली आलेली असतात.