पट्टकृमीवरची झाडपाल्याची औषधं: पारख कशी होत गेली

तान्ह्या बाळाला वावडिंगाचं पाणी पाजणं आपल्याकडे अजून चालू आहे. चरकसंहितेत कृमींचे २० प्रकार आहेत आणि कृमिघ्नांमध्ये विडंग म्हणजे वावडिंग श्रेष्ठ मानलं आहे. पळसपापडी, कपिला, डाळिंबाच्या मुळाची साल हीही जुनीच औषधं. त्यांनी नेमका कोणता जंत पडतो, याची प्रयोगशाळेतली तपासणी मात्र फार उशिरा सुरू झाली.

आणि पट्टकृमीच्या बाबतीत हाच प्रश्न कळीचा आहे. या जंताला तोंड नाही, आतडं नाही. अन्न तो सगळ्या अंगाने शोषतो. मोहरीएवढं डोकं आतड्याला चिकटलेलं आणि मागे पेरांची लांबच लांब साखळी. औषधाने वावभर साखळी पडली, तरी डोकं आत राहिलं की काही महिन्यांत पुन्हा पेरं पडू लागतात. म्हणून जुने डॉक्टर रेचकानंतर मल धुऊन त्यात डोकं शोधत. ते सापडलं तरच औषध लागू पडलं म्हणायचं.

फ्रान्सच्या शार्ल तांरे यांनी १८७८ मध्ये डाळिंबाच्या सालीतून पेलेटिएरीन हे जंतांवर काम करणारं द्रव्य वेगळं केलं. चीनमध्ये भोपळ्याच्या बिया आणि सुपारी एकत्र देतात. सुपारीने डोकं आणि पुढचा भाग लुळा पडतो, भोपळ्याच्या बियांनी मधला आणि मागचा. जोडीने का द्यायचं, याचं इतकं स्वच्छ उत्तर क्वचितच मिळतं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते शिलाँगचं काम. मेघालयातले खासी लोक सोह-फ्लांग नावाचा कंद सोलून कच्चा खातात; जंतांवरही तो गुणकारी समजला जातो. नॉर्थ-ईस्टर्न हिल युनिव्हर्सिटीत वीणा टंडन आणि सहकाऱ्यांनी या कंदाच्या सालीचा अर्क जिवंत जंतांवर वापरून पाहिला. हे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. कोंबडीच्या आतड्यातला पट्टकृमी लुळा पडला, त्याच्या अंगाचा पृष्ठभागही बिघडला. जाड कवचाच्या गोलकृमींवर मात्र काहीच परिणाम दिसला नाही. पुढे त्या सालीतल्या जेनिस्टीन या द्रव्यावर बरंच संशोधन झालं. म्हणजे खासी लोकांचा अनुभव खरा होता, पण सरसकट सगळ्या जंतांना लागू नव्हता.

काचेच्या बशीत जंत लुळा पडणं ही पहिलीच पायरी. त्याच विद्यापीठात पुढे इतर वनस्पती उंदरांवर तपासल्या गेल्या. भुंग्यांच्या शरीरात वाढलेल्या पट्टकृमीच्या अळ्या उंदरांना देऊन जंत वाढवायचा, अर्क पाजायचा, विष्ठेतली अंडी मोजायची आणि शेवटी आतडं उघडून उरलेले जंत मोजायचे. तुलनेला प्राझिक्वांटेल हे पट्टकृमीवरचं आधुनिक औषध. त्याच्या जवळपास पोचलेल्या अर्कालाही माणसातला डोस आणि विषबाधेची मर्यादा या परीक्षा बाकी राहतात.

डुकराच्या पट्टकृमीची अंडी पोटात गेली तर अळ्या मेंदूपर्यंत जाऊन झटके येऊ शकतात. आतड्यातला जंत पाडणाऱ्या काढ्याचा तिथे उपयोग नाही. अशा रुग्णाला मेंदूचं स्कॅन करून डॉक्टरच्या देखरेखीखालीच औषध द्यावं लागतं, कारण अळ्या मरताना मेंदूला सूज येते.